हीप किती मोठा असावा?
जावा सर्व्हरची मेमरी, आपली झोप आणि महिन्याचे बिल

‘आरोग्य आणि अर्थ’ ह्या सदरात आजवर रक्तदाब, मधुमेह, मुलांच्या कॉलेजसाठी बचत, निवृत्तीचे खाते असे विषय येऊन गेले. ह्या वेळी संपादकांनी मला फोन करून ‘तुमच्या कामातले काहीतरी लिहा’ असे सांगितले, तेव्हा मी विचारले, ‘जावा सर्व्हरची मेमरी किती ठेवावी, ह्यावर लिहिले तर चालेल का?’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग हळूच प्रश्न आला, ‘पण ह्याचा आरोग्याशी काय संबंध?’

वाचकहो, संबंध आहे. पार्सिपनी आणि आसपासच्या गावांतून आपल्या कार्यक्रमांना जी मंडळी जमतात, त्यांच्यातल्या पुष्कळांचे पोट संगणकावर चालते. चहाच्या टेबलाशी थोडा वेळ उभे राहिले तरी ‘काल रात्री पुन्हा सर्व्हर बसला’ हे वाक्य कानावर पडतेच. रात्री दोन वाजता फोन वाजतो, घरातले सगळे जागे होतात, सकाळी डोके दुखत असते आणि महिनाअखेर भाड्याच्या यंत्रांचे बिल पाहून साहेबांचे डोके दुखते. ह्या दुखण्यांच्या मुळाशी पुष्कळदा एकच आकडा असतो. तो आकडा कसा ठरवावा, हे मी एका चुकीतून शिकलो. आधी ती चूक सांगतो, मग धडा.

२०११ चा तो शुक्रवार

२०११ चा ऑक्टोबर ज्यांना आठवत असेल, त्यांना २९ तारखेचा अवकाळी बर्फही आठवेल. झाडांची पाने गळलेली नव्हती. ओल्या बर्फाच्या वजनाने फांद्या तारांवर कोसळल्या आणि मॉरिस काउंटीत कितीतरी घरांची वीज काही दिवस गेली. आमच्याकडेही फायरप्लेसपुढे गाद्या टाकून झोपलो होतो.

मी तेव्हा ज्या कंपनीत होतो, तिचे काम असे. इतर कंपन्यांतल्या नोकरदारांनी पुढच्या वर्षाचा आरोग्य विमा आमच्या प्रोग्रॅमवर निवडायचा. ही निवड नोव्हेंबरात ठरावीक मुदतीतच करायची असते. मुदत चुकली, तर घरात लग्न, बाळंतपण किंवा नोकरीबदल असे काही झाल्याशिवाय वर्षभर बदल करता येत नाही. बर्फामुळे पहिला आठवडा वाया गेलेला, त्यामुळे शेवटच्या शुक्रवारी एकच झुंबड उडाली. मुदत रात्री बारापर्यंत होती.

संध्याकाळी सहा वाजता मी आपल्या दिवाळी कार्यक्रमाच्या नाटकाच्या तालमीत होतो. साहेबांचा फोन आला. दर दहा मिनिटांनी सगळे पडदे तीनचार सेकंद गोठतात, लोक वैतागले आहेत, काहीतरी करा. मी घरी आलो आणि संगणक उघडला. आमच्याकडे चार यंत्रे होती. प्रत्येकात १६ जीबी मेमरी आणि प्रत्येकावर जावाचे दोन सर्व्हर. प्रत्येक सर्व्हरला ४ जीबी हीप दिलेला. मी विचार केला, मेमरी कमी पडते आहे, दुप्पट करू. चाराचे आठ केले, एकेक सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि सौ. ना म्हटले, ‘झाले, जेवायला वाढ.’

पहिला अर्धा तास सगळे छान चालले. मग साडेआठला पुन्हा फोन वाजला. आता पडदे तीन सेकंद नव्हे, मिनिटभर आणि त्याहूनही जास्त गोठत होते. वाहतूक वाटून देणाऱ्या यंत्राला वाटले, हा सर्व्हर मेलाच. त्याने सगळे लोक उरलेल्या सर्व्हरांकडे वळवले. तेही त्या भाराने बसू लागले. पावणेदहाला मी सगळे पुन्हा ४ जीबीवर आणले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पण मधला सव्वा तास गेला तो गेलाच.

फोनवर लोकांना उत्तरे देणाऱ्या विभागाच्या प्रमुख बाईंनी सोमवारी मला एकच गोष्ट सांगितली. एका बाईंच्या यजमानांची जानेवारीत शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यांना त्यासाठीच विम्याची योजना बदलायची होती. त्यांनी तीनदा सगळे भरले, तिन्ही वेळा ते पुसले गेले आणि शेवटी त्या फोनवर रडल्या. मुदत दोन दिवस वाढवून दिली गेली, त्यामुळे त्यांचे काम झाले. पण ती हकीगत ऐकल्यावर मला कित्येक रात्री नीट झोप लागली नाही. डॉक्टरांनी त्याच डिसेंबरात माझ्या रक्तदाबाची पहिली गोळी सुरू केली. (आणि शनिवारच्या नाटकात मला दोनच वाक्ये होती, त्यातले एक विसरलो. त्याची आठवण मंडळी अजून करून देतात.)

माझ्या हातून नेमके काय चुकले होते? ते कळण्यासाठी मुळापासून सुरुवात करू.

हीप म्हणजे काय?

हीप म्हणजे ढीग. जावाचा प्रोग्रॅम चालताना जी जी माहिती तयार करतो, म्हणजे कोणाचे नाव, कोणाचा पत्ता, विम्याच्या योजनांची यादी, ते सगळे मेमरीतल्या ह्या ढिगात जाऊन पडते. जुन्या भाषांमध्ये काम संपल्यावर मेमरी परत करण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची असे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावा लोकांपुढे आणली, तिच्यात हे काम भाषाच करते. कोणती वस्तू अजून कोणी वापरते आहे हे ती शोधते आणि बाकीची जागा मोकळी करते. ह्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. आपण त्याला सफाई म्हणू. ही कल्पना जावाची नव्हे. जॉन मॅकार्थी ह्यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी ती काढली होती.

हीपचा आकार मात्र आपण सांगायचा असतो. त्यासाठी दोन आकडे असतात. एक्स-एम-एस म्हणजे सुरुवातीचा आकार आणि एक्स-एम-एक्स म्हणजे जास्तीत जास्त आकार. आपण काहीच सांगितले नाही, तर जावा यंत्राच्या मेमरीचा साधारण एक चतुर्थांश भाग कमाल आकार म्हणून धरते. तो आकडा तुमच्या प्रोग्रॅमला पाहून ठरवलेला नसतो. दुकानातल्या तयार सदऱ्यासारखा तो असतो. अंगाला बसला तर नशीब.

ओटा आणि माळा

आपल्या स्वयंपाकघरात ओटा असतो आणि वर माळा असतो. भाजी चिरली, कणीक मळली, की ओट्यावरची साले, पीठ आपण लगेच पुसून घेतो. दिवसातून दहादा पुसले तरी त्याचा त्रास वाटत नाही, कारण ओटा लहान असतो आणि त्यावरचे बहुतेक सगळे टाकूनच द्यायचे असते. माळ्यावर मात्र जपून ठेवायच्या वस्तू जातात. माळ्याची सफाई दिवाळीला एकदा, आणि त्या दिवशी घरातली बाकीची कामे बंद.

हीपचेही असेच दोन भाग असतात. नव्या वस्तू ‘यंग’ भागात जन्मतात, तो ओटा. काही सफाया पार करून टिकलेल्या वस्तू ‘ओल्ड’ भागात जातात, तो माळा. प्रोग्रॅमने निर्माण केलेल्या बहुतेक वस्तूंचे आयुष्य क्षणभराचे असते, ह्या निरीक्षणावर ही रचना उभी आहे. डेव्हिड अंगर ह्यांनी १९८४ साली अशा पिढीवार सफाईची पद्धत मांडली आणि जावाने ती उचलली.

ओट्याची सफाई काही मिलिसेकंदांत होते, कोणाच्या लक्षातही येत नाही. माळा भरला, की पूर्ण सफाई करावी लागते, आणि जुन्या पद्धतीत तेवढा वेळ सगळे काम थांबते. आमचे तीनचार सेकंदांचे गोठणे म्हणजे ही दिवाळीची सफाई दर दहा मिनिटांनी होत होती.

आता प्रश्न असा, की दर दहा मिनिटांनी माळा भरत का होता? उत्तर शनिवारी दुपारी सापडले. कधीकाळी आमचा हीप १ जीबीचा होता, तेव्हा कोणीतरी ओट्याचा आकार १२८ एमबी असा बांधून टाकला होता. पुढे हीप ४ जीबीचा झाला, पण ती ओळ तशीच नकलत आली. गर्दीच्या वेळी आमचा सर्व्हर सेकंदाला सुमारे १०० एमबी नव्या वस्तू तयार करत होता. म्हणजे ओटा दर सेकंदाला भरायचा. पण प्रत्येक माणसाचे काम पुरे व्हायला तीन सेकंद लागत, कारण मध्ये विमा कंपनीच्या संगणकाकडून उत्तर यायचे असे. काम अर्धवट असतानाच ओटा पुसायची वेळ येई. अर्धी चिरलेली भाजी टाकून तर देता येत नाही, मग ती माळ्यावर टाकायची. दोन सेकंदांनी तिचे काम संपे, पण आता ती माळ्यावर पडून राही. अशा वस्तूंनी माळा भरत होता.

म्हणजे मेमरी कमी नव्हती. वाटणी चुकली होती.

उपाशीपोटी मोजा

मधुमेहाची तपासणी करताना डॉक्टर सांगतात, उपाशीपोटी या. जेवल्यावर लगेच साखर मोजली, तर ती जेवणाची असते की रोगाची, हे कळत नाही. हीपचेही तसेच आहे. ‘४ जीबीपैकी ३.७ जीबी भरला आहे’ असे पडद्यावर दिसले, की घाबरून लोक हीप वाढवतात. मीही तेच केले. पण त्या ३.७ मध्ये कचरा किती आणि कामाचे किती, हे त्या आकड्यावरून समजत नाही. सफाई अजून व्हायची असेल, तर हीप भरलेला दिसणारच.

खरा आकडा पूर्ण सफाईनंतर लगेच मिळतो. कचरा गेला, मग जे उरले ते प्रोग्रॅमला खरोखर लागणारे. ह्याला जिवंत माहिती म्हणू. ती शोधण्यासाठी सफाईची नोंदवही, म्हणजे जीसी लॉग, चालू ठेवावी. ती कायम चालू ठेवायला फारसा खर्च येत नाही आणि चालत्या सर्व्हरवर सर्वांत उपयोगी पडणारा कागद तोच. त्यात प्रत्येक सफाईपूर्वी किती, नंतर किती आणि वेळ किती लागला हे लिहिलेले असते.

मात्र एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये. साखरेची तीन महिन्यांची सरासरी पाहतात, तसे निदान काही दिवसांचे आकडे पाहावेत आणि त्यात गर्दीचा दिवस असलाच पाहिजे. रविवारी पहाटेचा आकडा घेऊन शुक्रवार रात्रीचा हीप ठरवू नये.

आमच्या त्या शुक्रवारच्या लॉगमध्ये प्रत्येक पूर्ण सफाईनंतर उरत होते सुमारे १.२ जीबी. दहा मिनिटांनी पुन्हा भरायचे, पुन्हा सफाई, पुन्हा १.२. हा आकडा स्थिर होता, ही मोठी चांगली गोष्ट होती. का, ते पुढे सांगतो.

आता गणित

चार्ली हंट आणि बिनू जॉन ह्यांच्या ‘जावा परफॉर्मन्स’ ह्या २०११ च्या पुस्तकात एक अंदाजाचा नियम आहे. पूर्ण सफाईनंतर उरलेल्या जिवंत माहितीच्या तिप्पट ते चौपट एकूण हीप घ्यावा. त्यातला यंग भाग जिवंत माहितीच्या एक ते दीड पट आणि ओल्ड भाग दोन ते तीन पट. हा सुरुवातीचा अंदाज आहे, वेदवाक्य नव्हे. इथून सुरू करून मोजत मोजत पुढे जायचे.

आमचे आकडे घाला. जिवंत माहिती १.२ जीबी. तिप्पट ते चौपट म्हणजे ३.६ ते ४.८ जीबी. म्हणजे आमचा ४ जीबीचा हीप मुळातच बरोबर होता! यंग भाग १.२ ते १.८ जीबी हवा होता, तिथे ०.१२८ होता. आम्ही तो दीड जीबी केला. ओल्ड भागाला अडीच जीबी उरले, म्हणजे दुपटीहून थोडे जास्त. आता ओटा भरायला दहाबारा सेकंद लागू लागले. तीन सेकंदांची कामे तोवर संपून जात. माळ्यावर जाणारा कचरा जवळजवळ बंद झाला. दर दहा मिनिटांची पूर्ण सफाई दिवसातून एकदोनदा होऊ लागली. एक डॉलरही खर्च झाला नाही.

हीप म्हणजे सगळी मेमरी नव्हे

मग ८ जीबी केल्यावर इतका अनर्थ का झाला? कारण मी बेरीज केली नव्हती.

जावाच्या सर्व्हरला हीपशिवाय इतरही मेमरी लागते. प्रत्येक थ्रेडला स्वतःची जागा लागते. ६४ बिटांच्या लिनक्सवर ती सहसा १ एमबीपर्यंत असते, म्हणजे टॉमकॅटसारख्या सर्व्हरचे नेहमीचे २०० थ्रेड धरले तर २०० एमबीपर्यंत. प्रोग्रॅमचे वर्ग ठेवायला जागा लागते. तिला पूर्वी पर्मजेन म्हणत, २०१४ च्या जावा ८ पासून मेटास्पेस म्हणतात. शिवाय भाषांतरित कोडची जागा आणि नेटवर्कसाठी हीपबाहेर घेतलेली जागा वेगळीच. आमच्या सर्व्हरला हे सगळे मिळून सुमारे १ जीबी लागत होते.

घरखर्चासारखा हिशोब मांडू. मिळकत १६ जीबी. ऑपरेटिंग सिस्टिम आणि किरकोळ कामांना २ जीबी. ४ जीबी हीपचे दोन सर्व्हर, वरखर्चासह प्रत्येकी ५, म्हणजे १०. एकूण १२, शिल्लक ४. चांगला संसार. आता ८ जीबीचे दोन सर्व्हर, वरखर्चासह प्रत्येकी ९, म्हणजे १८. त्यात २ मिळवा, झाले २०. मिळकत १६, खर्च २०. उरलेले ४ उधारीवर. संगणक ही उधारी डिस्कवर करतो. मेमरीतला भाग डिस्कवर लिहून ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्क मेमरीच्या मानाने फार म्हणजे फारच हळू असते.

साध्या प्रोग्रॅमला ही उधारी थोडीफार चालते. जावाला अजिबात नाही. कारण पूर्ण सफाई करताना जिवंत असलेली प्रत्येक वस्तू तिला पाहावी लागते, हीपभर फिरावे लागते. त्यातला काही भाग डिस्कवर गेला असेल, तर प्रत्येक वेळी तो परत आणावा लागतो. तीन सेकंदांची सफाई मिनिटावर गेली ती ह्यामुळे. आणि पहिला अर्धा तास सगळे छान चालले ते का? कारण हीप अजून भरलेला नव्हता. हळूहळू भरत गेला आणि मेमरी संपल्यावर उधारी सुरू झाली. क्रेडिट कार्डाचेही पहिल्या महिन्यात सगळे छानच असते.

नियम एक: सगळ्या सर्व्हरांचे हीप, त्यांचा वरखर्च आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटा ह्यांची बेरीज यंत्राच्या मेमरीपेक्षा कमीच असली पाहिजे.

नियम दोन: यंत्र सर्व्हरसाठीच राखलेले असेल, तर सुरुवातीचा आणि कमाल आकार सारखाच ठेवावा. हीप मध्येच वाढवण्याकमी करण्याचा त्रास वाचतो.

३२ जीबीची पायरी

एक गंमत अनेक अनुभवी मंडळींनाही ठाऊक नसते. हीप साधारण ३२ जीबीच्या आत असेल, तर ६४ बिटांची जावा वस्तूंचे पत्ते ४ बाइटांत मावतील असे लिहिते. हीप त्याच्या वर गेला, की प्रत्येक पत्ता ८ बाइटांचा होतो. तेवढीच माहिती जास्त जागा खाते. त्यामुळे ३१ जीबीचा हीप ३४ जीबीचा केला, तर त्यात पूर्वीपेक्षा कमी माहिती मावू शकते. पगार थोडा वाढून कराच्या वरच्या पायरीत गेलो, तरी हातात येणारी रक्कम कमी होत नाही. इथे मात्र ती खरोखर कमी होते. म्हणून ३१ च्या आत राहावे, नाहीतर चांगली मोठी उडी मारावी.

आकार की गळती?

आमचा १.२ चा आकडा स्थिर होता ही चांगली गोष्ट, असे वर म्हटले. समजा सोमवारी सफाईनंतर १.२ उरले, मंगळवारी १.५, बुधवारी १.९, आणि गर्दी मात्र तीच. तर प्रश्न आकाराचा नाही. प्रोग्रॅममध्ये कुठेतरी वस्तू धरून ठेवल्या जात आहेत आणि कोणी सोडत नाही. ही गळती. हीप दुप्पट केला, तर बुधवारी बसणारा सर्व्हर पुढच्या आठवड्यात बसेल, एवढाच फरक. अशा वेळी मेमरी संपताच हीपची प्रत डिस्कवर लिहून ठेवणारा पर्याय चालू करावा आणि ती प्रत एक्लिप्सच्या मेमरी अ‍ॅनालायझरसारख्या साधनाने तपासावी. पण जपून! त्या प्रतीत लोकांची खरी नावे, जन्मतारखा, आजारपणाची माहितीही असते. ती ईमेलने कोणाला पाठवू नये आणि काम झाल्यावर पुसून टाकावी.

आपल्या पार्सिपनीला लागून असलेले बूंटनचे जलाशय सगळ्यांनी पाहिले आहे. जर्सी सिटीला पाणी पुरवण्यासाठी तो बांधला आणि १९०४ पासून पुरवठा सुरू झाला. पुढे पाण्याच्या शुद्धतेवरून कोर्टात वाद गेला. तेव्हा डॉ. जॉन लील ह्यांनी पाण्यात अगदी थोडे क्लोरीन सोडण्याचा उपाय केला. २६ सप्टेंबर १९०८ पासून तो इथेच सुरू झाला, आणि अमेरिकेतल्या शहरी पाणीपुरवठ्याच्या नियमित क्लोरिनेशनची सुरुवात तीच मानतात. धरण कितीही मोठे केले असते, तरी दूषित पाणी शुद्ध झाले नसते. तिथून गाडी नेताना मला नेहमी तो शुक्रवार आठवतो.

आजचे दिवस: डब्यातली जावा

२०११ नंतर पुष्कळ बदलले. जी-वन नावाची सफाईपद्धत २०१७ च्या जावा ९ पासून ठरलेली पद्धत झाली. ती माळा एकदम न आवरता थोडा थोडा आवरते. फार मोठ्या हीपसाठी झेडजीसी आली, ती २०२० च्या जावा १५ पासून पक्क्या वापराला तयार झाली. तिचे थांबणे मिलिसेकंदापेक्षाही कमी करता येते. इथे एक इशारा. जी-वन वापरत असाल, तर आम्ही बांधला तसा यंग भागाचा आकार हाताने बांधू नका. किती वेळ थांबलेले चालेल एवढे सांगावे आणि बाकी तिच्यावर सोडावे. आमचा घात जुनी ओळ नकलून झाला होता. माझा उपायही तसाच नकलू नका.

दुसरा बदल कंटेनरचा. आता प्रोग्रॅम एका डब्यात घालून भाड्याच्या यंत्रावर चालवतात आणि डब्याला मेमरीची मर्यादा घालतात. गेल्या वर्षी लेक हियावाथामधल्या एका तरुणाचा रात्री फोन आला. नवी नोकरी, व्हिसा कंपनीच्या हाती, घरात सहा महिन्यांचे बाळ.

‘काका, माझा सर्व्हर दर तासाला मरतो, आणि लॉगमध्ये काहीच सापडत नाही.’

मी विचारले, ‘शेवटचा आकडा काय दाखवतो?’

‘एकशे सदतीस.’

‘मग तो मेला नाही रे, मारला गेला आहे. डब्याची मर्यादा किती आणि हीप किती?’

‘डबा ४ जीबी. हीप आधी १ होता, मेमरी संपली अशी चूक यायची. म्हणून मी पूर्ण ४ दिला.’

१३७ म्हणजे १२८ अधिक ९. प्रक्रियेला जबरदस्तीने बंद करण्याचा संदेश ९ क्रमांकाचा. डब्याने मर्यादा ओलांडली, की ऑपरेटिंग सिस्टिम एका फटक्यात ती बंद करते. जावाला लॉगमध्ये काही लिहायलाही वेळ मिळत नाही. त्याने काही सांगितले नव्हते तेव्हा जावाने ४ जीबीचा चौथा भाग, म्हणजे १ जीबी हीप घेतला होता. तो अपुरा पडला. मग त्याने सगळाच डबा हीपला दिला आणि वरखर्चाला जागाच उरली नाही. म्हणजे २०११ ची असो की आजची, चूक तीच.

आम्ही फोनवरच मोजले. पूर्ण सफाईनंतर उरत होते ८०० एमबी. तिप्पट म्हणजे २.४ जीबी. डब्याच्या ६० टक्के. वरखर्चाला १.६ जीबी राहिले. पुरून थोडे उरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा निरोप आला, ‘काका, रात्रभर चालला. बाळ झोपले नाही, पण सर्व्हर झोपू देतोय.’

जुनी जावा वापरणाऱ्यांनी एवढे पाहावे, की २०१८ पूर्वीच्या बऱ्याच आवृत्त्यांना डब्याची मर्यादा कळतच नाही. त्या सगळ्या यंत्राची मेमरी आपलीच समजतात. जावा ८ मध्ये ही समज १९१ क्रमांकाच्या सुधारणेपासून आली.

महिन्याचे बिल

आता अर्थ. कमी पडेल ह्या भीतीने लोक दुप्पट, चौपट मेमरी भाड्याने घेतात. समजा एका जीबीला महिन्याला ४ डॉलर पडतात (हा आकडा फक्त उदाहरणापुरता, आपल्या बिलावरचा घ्यावा). त्याच प्रोग्रॅमचे ४० डबे, प्रत्येकी ८ जीबी, म्हणजे ३२० जीबी, महिना १,२८० डॉलर. मोजून कळले, की ४ जीबी पुरतात. मग १६० जीबी, ६४० डॉलर. वर्षाला ७,६८० डॉलर वाचले.

पण कंजुषीही नको. हीप फार आवळला, की सर्व्हरचा वेळ सफाईतच जातो आणि प्रोसेसरचे बिल वाढते. जावाची जुनी पॅरलल पद्धत तर ९८ टक्क्यांहून जास्त वेळ सफाईत जाऊन २ टक्के जागाही मोकळी होत नसेल, तर स्वतःच हात टेकते. अडीअडचणीचा पैसा बाजूला ठेवतो, तशी गर्दीच्या दिवसाची जागा राखून मगच काटकसर करावी.

फ्रीजवर लावण्यासाठी

१. आकडा बदलण्यापूर्वी सफाईची नोंदवही वाचा.
२. गर्दीच्या दिवसांत पूर्ण सफाईनंतर किती उरते ते टिपा.
३. त्याच्या तिप्पट ते चौपट हीप, हा पहिला अंदाज.
४. हीप, वरखर्च आणि ऑपरेटिंग सिस्टिम ह्यांची बेरीज यंत्रात किंवा डब्यात बसली पाहिजे.
५. सफाईनंतरचा आकडा रोज चढत असेल, तर गळती शोधा, हीप वाढवू नका.
६. ३२ जीबीच्या पायरीवर अडखळू नका.
७. एका वेळी एकच बदल करा, आधी चाचणीच्या यंत्रावर आणि तिथेही गर्दीइतका भार घालून.
८. जुनी ओळ नकलताना ती कोणी, कधी, का लिहिली हे विचारा. आपण नवी लिहिली, तर शेजारी कारण आणि तारीख लिहा.

गृहपाठ: आपल्या कामावरचा एक सर्व्हर निवडा आणि ह्या आठवड्यात त्याचा ‘उपाशीपोटी’चा आकडा शोधून ठेवा. काहीही बदलू नका, फक्त टिपा. पुढच्या कार्यक्रमाला चहाच्या टेबलाशी भेटू, तेव्हा आकडे ताडून पाहू.

माझी रक्तदाबाची गोळी चालूच आहे. वयाचा भाग आहे, सगळा दोष जावाला देता येणार नाही. पण त्या शुक्रवारनंतर मी न मोजता एकही हीप वाढवलेला नाही. आणि नोव्हेंबरातल्या त्या शेवटच्या रात्री, मुदत संपायला तास उरलेला असताना, कोणीतरी आपल्या माणसाच्या शस्त्रक्रियेसाठी पडद्यापुढे बसले असेल, हे मी विसरत नाही.